काट्यावरचे सहा किलो कुणाचे?

प्रश्न : आम्ही चार वर्षांपूर्वी सदाशिव पेठेतला वाडा सोडून बाणेरच्या पुढे एका टाउनशिपमध्ये राहायला आलो. स्वयंपाक मीच करते. तेलाचा डबा महिन्याला तेवढाच लागतो, गोडधोड सणावारीच. इथे मोकळी हवा आहे, सोसायटीत जिमसुद्धा आहे. तरीही माझं वजन सहा किलोंनी वाढलं आणि ह्यांचं आठ. ह्यांचं म्हणणं, पंचावन्न झाली, वयाचा परिणाम. सासूबाई म्हणतात, इथलं पाणी मानवलं. मुलगी म्हणते, हा सगळा परिसराचा दोष आहे आणि सरकारने यात लक्ष घातलं पाहिजे. जागा बदलल्याने माणूस खरंच जाड होतो का? आणि आमच्या वजनाशी सरकारचा काय संबंध? – एक वाचक, पुणे

उत्तर : पाण्यात कॅलरी नसतात, म्हणून सासूबाईंचं म्हणणं आदरपूर्वक बाजूला ठेवू. वयाचा मुद्दाही दिसतो तितका भक्कम नाही. २०२१ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात २९ देशांतल्या सहा हजारांहून अधिक माणसांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार लक्षात घेऊन हिशेब केला, तर विशीपासून साठीपर्यंत माणसाचा ऊर्जेचा खर्च जवळपास स्थिर राहतो आणि साठीनंतर हळूहळू उतरतो, असं त्यात आढळलं. तुमच्या यजमानांना या सबबीसाठी अजून पाच वर्षं थांबावं लागेल.

उरली मुलगी. तिचं म्हणणं तपासायला आधी साधा हिशेब करू.

पेठेत राहताना तुम्ही दिवसभर काय काय पायी करत होता ते आठवा. मंडईत जाऊन येणं, वाण्याकडे दोनदा, बँक, देऊळ, संध्याकाळी लक्ष्मी रोडवर एखादी चक्कर, आणि प्रत्येक वेळी वाड्याचा तो उभा जिना. हा व्यायाम आहे असं तुमच्या मनातही आलं नसेल. गाडी काढली तर लावायची कुठे, हा प्रश्न असल्याने माणूस मुकाट्याने चालत जायचा. आता खाली उतरायला लिफ्ट, तळघरात गाडी, भाजी घरपोच आणि वाणी मोबाइलमध्ये. रोजचं तीन किलोमीटर चालणं गेलं असं धरू. साठ किलोच्या माणसाला एक किलोमीटर चालायला साधारण ५० कॅलरी लागतात. म्हणजे दिवसाला १५० कॅलरी खर्चायच्या राहिल्या. चहाबरोबरची सहाएक ग्लुकोज बिस्किटं म्हणा.

इथे बरेच जण एक चुकीचं गणित मांडतात. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७,७०० कॅलरी, म्हणून रोज १५० वाचल्या की वर्षाला सात किलो वाढणार आणि चार वर्षांत अठ्ठावीस! तसं होत नाही. वजन वाढलं की ते शरीर पोसायला आणि हलवायला जास्त ऊर्जा लागते आणि कुठेतरी नवा तोल साधतो. अमेरिकेतले संशोधक केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये याचा ढोबळ नियम दिला. रोजच्या हिशेबात सुमारे २४ कॅलरींचा कायमचा फरक पडला, की वजनात शेवटी एक किलोचा फरक पडतो. त्यातला निम्मा पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळा तीन वर्षांत. १५०ला २४ने भागा. सहा किलो आणि थोडं वर. तुमचा काटा जवळपास तेच सांगतो आहे. तेलाचा डबा तेवढाच लागतो हे तुमचं म्हणणं मी खरंच मानतो, कारण हे घडायला तो वाढण्याची गरजच नव्हती.

जिमचं काय? जिम चांगलीच. पण तिथे मुद्दाम जावं लागतं, आणि मंडईत जावंच लागायचं. पहिल्यासाठी रोज नव्याने मन वळवायचं, दुसऱ्यासाठी घरातली कोथिंबीर संपणं पुरेसं होतं. म्हणून जिमची वर्गणी जानेवारीत भरली जाते आणि मार्चपर्यंत ट्रेडमिलवर टॉवेल वाळत पडतात.

आता कुणी हुशार वाचक हरकत घेईल. परिसरामुळे माणसं जाड होतात, की ज्यांना चालायचा कंटाळा आहे अशीच माणसं तसला परिसर निवडतात? शंका रास्त आहे. दोन वस्त्यांमधल्या लोकांची नुसती वजनं मोजून हे कळत नाही. त्यासाठी माणसं चिठ्ठ्या टाकून वेगवेगळ्या वस्त्यांत पाठवावी लागतील, आणि असं कोण करणार?

पण असं घडलं आहे. १९९४ ते १९९८ या काळात अमेरिकी सरकारच्या गृहनिर्माण खात्याने बाल्टिमोर, बोस्टन, शिकागो, लॉस एंजलिस आणि न्यूयॉर्क या पाच शहरांत म्हाडाच्या सोडतीची आठवण व्हावी अशी एक योजना राबवली. अत्यंत गरीब वस्त्यांतल्या सरकारी घरांत राहणाऱ्या, मुलं असलेल्या कुटुंबांची नावं सोडतीत टाकली. काहींना भाड्यासाठी मदत मिळाली, पण अट अशी की घर कमी गरिबीच्या वस्तीत घ्यायचं. काहींना अटीविना मदत मिळाली आणि काहींचं नावच लागलं नाही. पुढे दहा ते पंधरा वर्षांनी या कुटुंबांतल्या स्त्रियांची वजनं घेतली, रक्त तपासलं. नाव न लागलेल्यांपैकी ३५ टक्क्यांहून थोड्या अधिक स्त्रियांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, ३५ च्या वर होता. हा तीव्र लठ्ठपणा. चांगल्या वस्तीची चिठ्ठी लागलेल्या गटात हे प्रमाण साडेचारहून अधिक टक्के-अंकांनी कमी निघालं. रक्तातल्या साखरेवरून ठरवलेला मधुमेहही नाव न लागलेल्यांत २० टक्के होता, तो यांच्यात चार अंकांनी कमी. चिठ्ठी लागलेल्यांपैकी निम्म्याच जणींनी प्रत्यक्षात घर हलवलं होतं, तरी हा फरक. आहारावर व्याख्यान नाही, डाएट चार्ट नाही, फक्त पत्ता बदललेला. २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माझ्या मते या विषयातला हा सगळ्यात बोलका पुरावा आहे.

त्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सौम्य लठ्ठपणात फरक दिसला नाही. आणि वस्ती बदलल्याने नेमकं काय बदललं, निर्धास्तपणे चालता येणं, दुकानं, की रात्रंदिवसाचा ताण, हे त्या अभ्यासातून वेगळं काढता आलं नाही. शिवाय अमेरिकेत लठ्ठपणाचा भार गरीब वस्त्यांवर जास्त पडतो, आपल्याकडे अजून चित्र बरंचसं उलटं आहे. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शहरी स्त्रियांपैकी ३३ टक्के जादा वजनाच्या किंवा लठ्ठ होत्या, ग्रामीण स्त्रियांपैकी जवळपास २०. पण ग्रामीण २० हा आकडाही लहान समजू नका. दुचाकी आणि पाच रुपयांची वेफर्सची पुडी आता वाडीवस्तीवरही पोचली आहे.

‘आमच्या घराण्यातच अंग आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक उदाहरण. पिमा नावाचे आदिवासी अमेरिकेतल्या ॲरिझोनात राहतात आणि त्यांचेच भाऊबंद सीमेपलीकडे मेक्सिकोच्या डोंगरात. रक्त एकच. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनेत ॲरिझोनातल्या पिमांमध्ये ३८ टक्के प्रौढांना मधुमेह होता, डोंगरात शेतात राबणाऱ्यांमध्ये ७ टक्क्यांना. लठ्ठपणातही तशीच तफावत. आनुवंशिकता खोटी नाही, पण ती फक्त कल ठरवते.

आपला कल मात्र जपून राहावं असाच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक यांची २१.२! हे आकडे दोघांच्या छायाचित्रासह २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापले. म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ झाला की सावध व्हा, २५ ला लठ्ठपणा धरा, असं २००९ पासून इथले तज्ज्ञ सांगतात. तुमच्या आठ आणि सहा किलोंकडे म्हणूनच दुर्लक्ष करू नका.

(जाता जाता एक गैरसमज : शेजारी जाड म्हणून आपण जाड होतो, असं नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावच्या १२ हजार माणसांच्या ३२ वर्षांच्या नोंदी तपासून २००७ मध्ये एक निष्कर्ष निघाला, की मित्राचं वजन वाढलं तर आपलं वाढण्याची शक्यता वाढते, शेजाऱ्याचं वाढलं तर नाही. मित्रांबद्दलच्या निष्कर्षावर पुढे बरेच आक्षेप आले. शेजारी मात्र निर्दोष सुटला तो सुटलाच.)

आता सरकार. तुमच्या प्रश्नाचा सूर असा, की सरकारने आमच्या ताटात का डोकावावं. पण ते कधीचं तिथे बसलेलं आहे. तुमच्या टाउनशिपसमोरचा रस्ता किती रुंद, त्याला पदपथ आहे की नाही, प्रत्येक फ्लॅटमागे किती गाड्यांची जागा सक्तीची, मंडईसाठी भूखंड ठेवला का, मुलांच्या मैदानाचं आरक्षण टिकलं की उठलं, हे सगळं नगररचना खातं आणि महापालिका ठरवतात. पदपथाचंच घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. आता घराबाहेर पडून बघा. आधी उखडलेले पेव्हर ब्लॉक, मग विजेचा डीपी, मग झाडाचा चौथरा, मग एका बंगल्याच्या फाटकाचा उतार, त्यावर चढवलेली दुचाकी, आणि तिथून पुढे पदपथ संपलेलाच. वाहत्या रस्त्यावर उतरण्याऐवजी माणूस स्कूटरची किल्ली शोधतो. याला आळस म्हणणं सोपं आहे. पुण्यातच जंगली महाराज रस्त्यावर पदपथ रुंद आणि सलग केले, बसायला बाकं ठेवली, तेव्हा संध्याकाळी तिथे आजोबा-आजी आणि बाबागाड्या दिसू लागल्या. माणसं तीच पुण्याची.

ताटातल्या जिनसांचंही तसंच. १९९४ मध्ये पामोलीनची आयात खुली झाली. आज भारत पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार आहे आणि दरडोई खाद्यतेलाचा खप वर्षाला १९ किलोंच्या आसपास गेला आहे, आरोग्यतज्ज्ञ सुचवतात ते १२ च्या आसपास. यातलं बरंचसं तेल तुमच्या डब्यातून येत नाही. ते फरसाण, खारी, वेफर्स, बेकरीचे पदार्थ आणि बाहेरून मागवलेल्या भाज्यांमधून येतं. बाहेरून किती वेळा मागवता, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. यजमानांचे जादा दोन किलो बहुधा तिथे सापडतील. स्वस्त आयात तेल आणि त्यावरचं सीमाशुल्क या दोन्ही सरकारी निर्णयांच्या गोष्टी आहेत, आणि तेलाचे भाव चढले की शुल्क उतरवा अशी मागणी करणारेही आपणच.

मग सरकारने ठरवून काही केलं तर फरक पडतो का? पडतो, पण काय केलं त्यावर. २००८ मध्ये दक्षिण लॉस एंजलिसमध्ये नव्या स्वतंत्र फास्ट फूड दुकानांना बंदी घातली. टाळ्या वाजल्या. २०१५ मध्ये संशोधकांनी पाहिलं तर त्या भागातला लठ्ठपणा वाढतच गेला होता. कारण उघड होतं. जुनी दुकानं तशीच होती, मॉलमधल्यांना बंदी लागू नव्हती, आणि लोक जिथे रोज खायचे त्या छोट्या टपऱ्यांना कुणी हातच लावला नव्हता. गरीब वस्तीत चकचकीत सुपरमार्केट उघडलं की लोक पालेभाज्या खाऊ लागतील, ही कल्पनाही अशीच. अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दुकान जवळ आल्याने खरेदी फारशी बदलली नाही.

किमतीला हात घातला की मात्र लोक हलतात. मेक्सिकोने १ जानेवारी २०१४ पासून साखरी पेयांवर लिटरमागे एक पेसो कर लावला. खरेदी पहिल्या वर्षी साडेपाच टक्क्यांनी आणि दुसऱ्या वर्षी जवळपास दहा टक्क्यांनी उतरली. चिलीने २०१६ मध्ये साखर, मीठ, चरबी जास्त असलेल्या पाकिटांवर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला, मुलांसाठीच्या त्यांच्या जाहिरातींवर बंधनं आणली आणि शाळेतून ते पदार्थ काढले. साखरी पेयांची खरेदी सुमारे २४ टक्क्यांनी घटली. ब्रिटनची युक्ती मला सर्वांत चतुर वाटते. २०१८ मध्ये त्यांनी कर साखरेच्या प्रमाणावर लावला : १०० मिलिलिटरमध्ये ५ ग्रॅमच्या आत असेल तर काहीच नाही, ५ ते ८ असेल तर लिटरला १८ पेन्स, त्यापुढे २४. अंमल सुरू होण्याआधीच बहुतेक कंपन्यांनी साखर कमी करून टाकली. पुढे दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणाचं प्रमाण अपेक्षेपेक्षा कमी भरलं. त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये फरक दिसला नाही. खरेदी लवकर उतरते, वजन सावकाश, आणि काही ठिकाणी उतरतही नाही.

आपल्याकडे केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के ‘फॅट टॅक्स’ लावला होता. वर्षभरात जीएसटी आला आणि तो त्यात विरून गेला. सध्या शीतपेयांवर ४० टक्के जीएसटी आहे, पण बाटलीत साखर किती याच्याशी त्याचं देणंघेणं नाही. बिनसाखरेच्या डाएट कोलालाही तोच दर, म्हणजे कंपनीने साखर कमी करावी तरी कशाला? आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून बिस्किटं, फरसाण, चॉकलेट, आइस्क्रीम ५ टक्क्यांवर आली. दिवाळीच्या तोंडावर त्याचं स्वागत झालं, माझ्याही घरी झालं. पाकिटांवरच्या इशाऱ्याचं म्हणाल तर २०२२ च्या सरकारी मसुद्यात काळ्या शिक्क्याऐवजी तारे सुचवले गेले. दोन तारे मिळालेला चिवडा स्पर्धेत बक्षीस मिळाल्यासारखा दिसेल, ही टीका मला पटते.

शाळांसाठी नियम आहेत. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांतून साखर, मीठ, चरबी जास्त असलेले पदार्थ हद्दपार केले, आणि केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत ते विकता येत नाहीत. शाळा सुटताना कुठल्याही फाटकाशी उभं राहून पाहा. पहिल्याच दुकानावर पाच रुपयांच्या पुड्यांच्या माळा दारापासून छतापर्यंत लटकलेल्या असतात आणि दहा वर्षांचं पोर एका झटक्यात पुडी तोडून घेतं. ते दुकान ५० मीटरच्या आत असतं की बाहेर, हे मोजायला कुणी गेलेलं दिसत नाही. आणि ५० मीटर चालायला त्या पोराला मिनिटसुद्धा लागत नाही.

आता तुम्ही काय करायचं. पहिलं, भाजी घरपोच मागवू नका. सोसायटीत भाजीवाल्याला बोलावायचंच असेल तर त्याची गाडी मुख्य फाटकाबाहेर उभी राहू द्या, लिफ्टच्या तोंडाशी नको. दुसरं, दोन-चार मजल्यांपुरती लिफ्ट विसरा. यजमानांना तिसरं काम द्या. तुमच्या भागाच्या विकास आराखड्याचा नकाशा महापालिकेत पाहायला मिळतो. जवळपास मंडई, मैदान किंवा पादचारी मार्गाचं आरक्षण दाखवलेलं आहे का ते त्यांनी बघून यावं, शक्य तर चालत जाऊन. असं आरक्षण बदलायचं झालं तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली जाहीर सूचना काढावी लागते आणि हरकतींसाठी एक महिन्याची मुदत असते. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात ही सूचना येते, आणि बहुतेक सोसायट्यांना ती मुदत उलटल्यावर कळते. हरकत साध्या कागदावर मराठीत लिहून द्या आणि आवक-जावक खिडकीवर शिक्का मारलेली पोच घ्या.